होडीच्या विजेच्या मोटरसाठी बॅटरीची निवड
(धरणकाठच्या शेतकरी व मच्छीमार मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



कृषिविद्या शिकवणारा माणूस बॅटरीवर बोलायला उभा राहिला, याचे काहींना नवल वाटेल. पण उजनीच्या फुगवट्यावर गाळपेरीची पिके पाहायला आम्ही येतो, तेव्हा ज्वारी-हरभऱ्याचे प्रश्न संपले की कोणीतरी काठाला लावलेल्या होडीकडे बोट दाखवते आणि हमखास विचारते, "सर, हिच्या मोटरला बॅटरी कोणती घेऊ?" हा प्रश्न बियाणे आणि खताच्या प्रश्नाइतकाच खर्चाचा आहे, म्हणून आज त्यावरच बोलू.

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत त्याचे पाणी पसरले. हिवाळ्यानंतर पाणी जसजसे ओसरते तसतशी काठाची गाळाची जमीन उघडी पडते आणि तीत आपण ओलीवर पीक घेतो. कित्येकांची ही जमीन पाण्यापलीकडे आहे. रस्त्याने जायचे तर मोठा वळसा, पाण्याने जायचे तर दोन किलोमीटर. त्याच होडीने पहाटे जाळी टाकायची, सकाळी मासळी काढायची आणि दुपारी पलीकडून कडबा आणायचा. वल्हे मारून मारून खांदे भरून येतात. पेट्रोलच्या इंजिनाला रोज तेल पाजावे लागते. म्हणून विजेच्या छोट्या मोटरीकडे लोकांचे लक्ष गेले आहे आणि ते योग्यच आहे.

ही मोटर दिसायला साधी असते. एका दांड्याच्या खालच्या टोकाला पाण्यात बुडणारी मोटर आणि पंखा, वरच्या टोकाला मूठ. होडीच्या मागच्या फळीला ती शिकंजाने आवळतात. मुळात ती अमेरिकेत निघाली. नॉर्थ डाकोटा राज्यातील फार्गो या गावी १९३४ साली हा धंदा सुरू झाला. पाण्यातून गळ हळूहळू ओढत नेऊन मासे धरण्याच्या पद्धतीला तिकडे ट्रोलिंग म्हणतात, म्हणून ही ट्रोलिंग मोटर. आवाज नाही, धूर नाही, मासा बुजत नाही. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही मोटर हळू चालण्यासाठी जन्मलेली आहे. आपण तिच्याकडून मासेमारीबरोबर वाहतूकही करून घेतो. मोटर बिचारी तक्रार करत नाही, सगळा भार बॅटरीवर येतो.

ट्रॅक्टरची बॅटरी का चालत नाही

मोटर विकत आणली की पहिला विचार मनात येतो तो घरच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीचा. ती बारा व्होल्टची आहे, मोटरही बारा व्होल्टची आहे, मग तीच काढून लावली तर काय बिघडले? पहिले चार-सहा दिवस काहीच बिघडत नाही. मोटर उत्तम चालते. त्यामुळेच माणूस फसतो.

ट्रॅक्टरच्या बॅटरीचे काम काय, ते पाहा. स्टार्टर मारला की ती तीनशे ॲम्पिअरच्या आसपास प्रवाह देते, पण किती वेळ? चार-पाच सेकंद. हिशेब केला तर एका स्टार्टला तिच्यातून अर्धा ॲम्पिअर-तासही खर्च होत नाही. लगेच इंजिनावरचा डायनॅमो ती भरून काढतो. म्हणजे ही बॅटरी जन्मभर भरलेलीच राहते. एकदम मोठा प्रवाह देता यावा म्हणून तिच्यात पातळ आणि पुष्कळ प्लेटा घातलेल्या असतात, जेणेकरून आम्लाला जास्तीत जास्त पृष्ठभाग मिळेल.

होडीची मोटर याच्या उलट वागते. ती तीस-चाळीस ॲम्पिअरच घेते, पण तासन्‌तास घेते आणि बॅटरी तळापर्यंत उपसते. बॅटरी उतरते तेव्हा प्लेटांवरील शिसे आणि शिशाचे ऑक्साइड यांचे शिशाच्या सल्फेटमध्ये रूपांतर होते. या सल्फेटला जागा जास्त लागते, म्हणून प्लेटेवरचा लेप फुगतो. चार्ज केला की पुन्हा आकसतो. प्रत्येक फेरीत थोडाथोडा लेप सुटून तळाशी गाळ होऊन बसतो. पातळ प्लेटेवर मुळातच लेप कमी, तो काही आठवड्यांतच ढासळतो. मग जूनमध्ये पहिला पाऊस झाला, वाफसा आला, पेरणीला ट्रॅक्टर काढायचा, आणि किल्ली फिरवल्यावर नुसता 'टक' असा आवाज. पेरणीचा एक दिवस गेला तर किती नुकसान होते, हे मी तुम्हांला सांगायला नको.

खोल उपशाची बॅटरी म्हणजे काय

ज्या बॅटरीच्या प्लेटा जाड, लेप घट्ट आणि रचना वारंवार उपसण्याला टिकेल अशी असते, तिला इंग्रजीत डीप सायकल बॅटरी म्हणतात. आपण तिला खोल उपशाची बॅटरी म्हणू. आपल्या बाजारात हिचे सर्वांत ओळखीचे रूप म्हणजे इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी. हिच्या धन प्लेटेत शिशाच्या उभ्या काड्या असतात आणि प्रत्येक काडीभोवती विणलेली नळी असते. लेप या नळीत कोंडलेला असल्यामुळे सहज गळत नाही. म्हणून ती वर्षानुवर्षे टिकते.

पण घरातल्या कोपऱ्यात बसणे आणि होडीत बसणे यांत फरक आहे. उंच ट्युब्युलर बॅटरी होडीत डोलते. दीडशे ॲम्पिअर-तासांची आम्लासह पन्नास ते साठ किलो भरते. ती दोन माणसांनी चिखलातून उचलून काठावर आणायची, रोज. एकाचा पाय घसरला की आम्ल अंगावर. तेव्हा इन्व्हर्टरचीच घ्यायची असेल तर बुटक्या डब्याची घ्यावी आणि तिचे वॉरंटीचे कार्ड नीट वाचून घ्यावे. घरगुती इन्व्हर्टरशिवाय अन्य वापर केल्यास वॉरंटी मिळणार नाही, अशी अट त्यात असू शकते.

माझ्या मते आपल्या कामाला सर्वांत सोयीची बॅटरी गेल्या काही वर्षांत आपोआप गावात आली आहे, ती म्हणजे ई-रिक्षाची. ई-रिक्षाला बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या लागतात आणि त्या रोज उतरतात, रोज भरल्या जातात, खड्ड्यांतून हादरे खातात. होडीचे काम याच जातीचे आहे. शंभर ॲम्पिअर-तासांच्या आसपासची ही बॅटरी एक माणूस उचलू शकतो. दोन घेऊन समांतर जोडल्या तर दोनशे ॲम्पिअर-तास होतात आणि ने-आण मात्र एकेकीची. समांतर जोडणी म्हणजे धनाला धन, ऋणाला ऋण. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. जुनीला नवी जोडली तर जुनी नवीला खाते.

ज्यांना आम्लाची कटकट नको, त्यांच्यासाठी बंद बॅटरी मिळते. तिच्यात आम्ल जेलमध्ये किंवा काचेच्या धाग्यांच्या गादीत शोषलेले असते. आडवी झाली तरी सांडत नाही. मात्र तिला जास्त चार्ज केले तर आतले पाणी उडते आणि ते पुन्हा भरता येत नाही. साधा रस्त्यावरचा चार्जर तिला लावू नये.

आकड्यांचा खरा अर्थ

बॅटरीवर १५० एएच असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ दीडशे ॲम्पिअर एक तास मिळतील, असा घेऊ नका. बहुतेक घरगुती बॅटऱ्यांवर हा आकडा सी-२० पद्धतीचा असतो. म्हणजे वीस तासांत उतरवली तर दीडशे, अर्थात तासाला साडेसात ॲम्पिअर. घाईने उपसले तर तीच बॅटरी कमी देते. तीस ॲम्पिअरने उपसली तर दीडशेची बॅटरी साधारण एकशे दहा ते एकशे पंधरा ॲम्पिअर-तासच हाती देते. विहिरीचेही असेच आहे. लहान पंप लावला तर झरे पुरतात, मोठा लावला तर पाणी लवकर तळाला जाते. सौर बॅटऱ्यांवर सी-१० लिहिलेले असते, म्हणजे दहा तासांचा हिशेब. एकाच आकड्याच्या दोन बॅटऱ्यांत सी-१० ची बॅटरी प्रत्यक्षात मोठी असते. दुकानात हे विचारल्याशिवाय किमतींची तुलना करू नका.

याखेरीज आणखी एक बंधन आपण स्वतःवर घालायचे आहे. शिशाची कोणतीही बॅटरी रोजच्या कामात अर्ध्याखाली उतरवू नये. रोज तळापर्यंत नेलेली बॅटरी आणि रोज अर्ध्यावर थांबवलेली बॅटरी यांच्या आयुष्यात फार मोठा फरक पडतो. उरलेला अर्धा भाग वाया गेला असे समजू नका, वादळाच्या दिवशी तोच घरी आणतो.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. कागद-पेन्सिल असेल तर काढा.

आपली फायबरची होडी १६० किलोची धरू. दोन माणसे १३० किलो. जाळी, क्रेट आणि मासळी १०० किलो. मोटर आणि बॅटरी ७० किलो. एकूण ४६० किलो. मोटरची ढकलशक्ती पौंडांत लिहिलेली असते. स्थिर पाण्यासाठी ढोबळ नियम असा की, दर ४५ किलो वजनाला दोन पौंड. म्हणजे आपल्याला वीस-एकवीस पौंड पुरेत. पण जलाशय म्हणजे काही बागेतले तळे नव्हे. समोरचा वारा आणि लाटा धरून दुप्पट करावी. मग चाळीस-पंचेचाळीस पौंडांची मोटर येते. अशी मोटर पूर्ण वेगाला चाळीस ॲम्पिअरच्या आसपास घेते. पंचावन्न पौंडांची पन्नास ॲम्पिअरपर्यंत जाते. त्याहून मोठ्या मोटरी बहुधा चोवीस व्होल्टच्या असतात, त्यांना दोन बॅटऱ्या एकामागे एक, म्हणजे मालिकेत जोडाव्या लागतात. आपल्या लहान होडीला त्यांची गरज नाही.

जायला दोन किलोमीटर, यायला दोन. ताशी चार किलोमीटरने जाऊन-येऊन एक तास. पूर्ण वेगापेक्षा थोडे कमी ठेवले तर सुमारे तीस ॲम्पिअर, म्हणजे तीस ॲम्पिअर-तास. जाळ्याच्या कडेने दोन तास मंद चालवले, दहा ॲम्पिअरने, तर वीस. दिवसाचा खर्च पन्नास. आता यात राखीव धरा. वारा सुटला आणि अर्धा तास पूर्ण वेगाने झुंजावे लागले तर वीस. एकूण सत्तर. अर्ध्याखाली जायचे नाही, म्हणून दुप्पट, एकशे चाळीस. घाईच्या उपशाची घट धरण्यासाठी याला ०.८५ ने भागा. उत्तर येते एकशे पासष्ट. म्हणजे एकशे ऐंशीची एक बॅटरी किंवा शंभराच्या दोन. शंभराची एकच घेऊन पैसे वाचवले असे वाटते, पण ती रोज अर्ध्याखाली जाईल आणि लवकरच नवी घ्यावी लागेल.

तुमचे अंतर, तुमचे वजन वेगळे असेल. रीत हीच ठेवा, आकडे तुमचे घाला.

बॅटरी वाढवण्याआधी वेग कमी करून पाहा. पाण्यात वेग वाढवायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सोप्या भाषेत, वेग वीस टक्क्यांनी कमी केला तर लागणारी शक्ती जवळजवळ निम्मी होते. पोहोचायला पाव वेळ जास्त लागतो, तरी एकूण वीज एक-तृतीयांशाने वाचते. याचा फायदा मोटरच्या जातीवरही अवलंबून आहे. पाच पायऱ्यांचे बटण असलेल्या साध्या मोटरीत कमी वेगाला काही वीज तारेच्या वेटोळ्यात तापून वाया जाते. मूठ फिरवून वेग हवा तसा कमी-जास्त करता येणारी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची मोटर कमी वेगाला खरोखरच कमी घेते. थोडे जास्त पैसे गेले तरी अशी मोटर घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि जलपर्णी! पंख्याला तिच्या मुळ्या गुंडाळल्या की प्रवाह एकदम चढतो, वेग मात्र पडतो. मूठ आणखी पिळून त्यातून मार्ग काढू नये. मोटर बंद करावी, वर उचलावी, पंखा साफ करावा आणि मगच पुढे जावे.

लिथियमविषयी

आता तरुण मंडळी विचारतील, लिथियमचे काय? प्रश्न रास्त आहे. लिथियम फेरो फॉस्फेट या जातीची शंभर ॲम्पिअर-तासांची बॅटरी अवघी अकरा ते तेरा किलोची असते. ती ऐंशी टक्क्यांपर्यंत बिनघोर उपसता येते आणि घाईने उपसले तरी फारशी घटत नाही. आपल्या वरच्या हिशेबातले सत्तर ॲम्पिअर-तास तिच्या एकटीच्या आटोक्यात आहेत. उतरण्या-भरण्याच्या दोन हजार किंवा त्याहून अधिक फेऱ्या ती सोसते. किंमत मात्र पहिल्याच दिवशी सगळी मोजावी लागते.

लिथियम घेणाऱ्याने काही गोष्टी जाणून घ्याव्यात. तिच्या आत एक रक्षक सर्किट असते. बॅटरी उतरली की ते जोडणी तोडते आणि मोटर एका क्षणात थांबते. शिशाची बॅटरी म्हाताऱ्या बैलासारखी हळूहळू दमते आणि इशारा देते, ही देत नाही. शेवटपर्यंत व्होल्टेज जवळजवळ सारखेच राहते, म्हणून व्होल्टमीटरवरून काही कळत नाही. किती ॲम्पिअर-तास खर्च झाले ते मोजणारा मीटर तिला लावलाच पाहिजे. रक्षक सर्किट मोटरच्या पूर्ण प्रवाहापेक्षा जास्त क्षमतेचे असावे. चार्जर तिचाच वापरावा. भर उन्हात तापलेल्या पत्र्याखाली चार्ज करू नये, कारण पंचेचाळीस अंशांपलीकडे चार्जिंग करणे तिला मानवत नाही. आणि जुन्या गाड्यांतून काढलेले सेल जुळवून कोणी स्वस्तात बॅटरी बांधून देत असेल, तर ती पाण्यावर नेऊ नये.

रोज जाळी टाकणारा, वर्षाचे दोन-अडीचशे दिवस पाण्यावर असणारा मच्छीमार असेल तर त्याला लिथियम शेवटी परवडते. ज्याची होडी गाळपेरीच्या चार महिन्यांतच पाण्यात असते, त्याने शिशाचीच घ्यावी.

दुकानात काय पाहावे

बॅटरीवरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष पाहा. सहा-आठ महिने दुकानात पडून राहिलेली भरलेली बॅटरी अर्धी म्हातारी झालेली असते. पत्त्याचे स्टिकर नुसते चमकदार आहे की आकडे, पद्धत आणि उत्पादकाचे नाव स्पष्ट छापले आहे, तेही पाहा. आणि शक्य असेल तर वजन करा. शिसे खोटे बोलत नाही. सारख्या आकड्याच्या दोन बॅटऱ्यांत एक आठ-दहा किलोने हलकी असेल तर तिच्यात शिसे कमी घातले आहे, मग स्टिकरवर काहीही लिहिलेले असो. भंगार शिशापासून स्थानिक पातळीवर बांधलेल्या बॅटऱ्या स्वस्त मिळतात. त्यांतल्या काही चांगल्याही असतात, पण वॉरंटीला दुकानदार जागचा हलत नाही.

होडीत बसवताना

बॅटरी होडीच्या तळावर, मध्यापासून थोडी पुढे ठेवावी. मोटर मागे, माणूसही मागे बसतो, तेव्हा वजन पुढे हवेच. झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ठेवून पट्ट्याने बांधावी. होडी कलंडली तर साठ किलोचे हे धूड सरकून एका बाजूला गेले की होडी सावरत नाही.

बॅटरी पुढे गेली की तार लांबते आणि इथेच बरेच जण पैसे वाचवायला जातात. समजा तार तीन मीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर. घराच्या वायरिंगमधली चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरली आणि पन्नास ॲम्पिअर नेले, तर तारेतच सव्वा व्होल्टहून अधिक गळतात. बारातले सव्वा! तार गरम होते, मोटर अशक्त होते आणि तुम्ही बॅटरीला दोष देता. सोळा चौरस मिलिमीटरची तार घातली तर ही गळती एक-तृतीयांश व्होल्टवर येते. तारेची टोके लग दाबून घट्ट बसवावीत, नुसते पिळून गुंडाळू नयेत. टर्मिनलला व्हॅसलीन लावावे.

धन टर्मिनलपासून वीतभर अंतरावर फ्यूज किंवा डीसी प्रवाहाचा एमसीबी बसवावा. घरातला एसी एमसीबी येथे चालणार नाही, डीसी प्रवाहाची ठिणगी तो नीट तोडू शकत नाही.

चार्जिंग

पाण्यावरून आलात की बॅटरी त्याच दिवशी चार्जला लावा. उतरलेली बॅटरी तशीच ठेवली की प्लेटांवरचे सल्फेट कडक खड्यांसारखे होते आणि मग ते कोणत्याही चार्जरला दाद देत नाही. उपशाने बॅटऱ्या मरतात त्याहून जास्त या आळसाने मरतात, असे म्हणायला हरकत नाही.

चार्जिंगचा प्रवाह बॅटरीच्या आकड्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास ठेवावा. दीडशेच्या बॅटरीला पंधरा ॲम्पिअर. पन्नास ॲम्पिअर-तास खर्चले तर साठ भरावे लागतात आणि शेवटचा भाग हळूहळू भरतो, म्हणून सहा-सात तास धरा. चार्जर आपोआप कमी होणारा असावा. खोलीला खिडकी असावी, कारण भरताना हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्क्यांवर गेला की ठिणगीने पेट घेतो. बॅटरीजवळ बिडी ओढू नका, हे काही जणांना उद्देशून सांगतो आहे. ते कोण, ते त्यांना ठाऊक आहे.

विजेच्या भारनियमनाची अडचण असेल तर सौर पॅनेल लावता येते. २०० वॉटचे पॅनेल आपल्याकडच्या उन्हात दिवसाला पाच तासांच्या पूर्ण उन्हाएवढे काम करते. घट वजा जाता बॅटरीत साठ ॲम्पिअर-तासांच्या जवळपास जातात, म्हणजे आपला रोजचा खर्च भरून निघतो. मधे चार्ज कंट्रोलर हवाच. आजकाल मिळणारी तीनशे वॉटच्या पुढची मोठी पॅनेले बारा व्होल्टच्या बॅटरीला थेट जुळत नाहीत, त्यांना एमपीपीटी जातीचा कंट्रोलर घ्यावा. पावसाळी दिवसांत मात्र पॅनेलवर विसंबून दूर जाऊ नका.

आम्लाच्या बॅटरीत पाणी कमी झाले तर फक्त डिस्टिल्ड पाणी घालावे, तेही चार्जिंग पूर्ण झाल्यावर. बोअरचे पाणी नको, आम्ल तर मुळीच नको. बॅटरी दोन तास स्वस्थ राहू देऊन व्होल्टेज मोजा. १२.७ च्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. मोटर चालू असताना मोजलेला आकडा फसवा असतो. हे आकडे आठवड्यातून एकदा वहीत लिहून ठेवले, तर बॅटरी केव्हा थकू लागली ते बंद पडण्याच्या महिनाभर आधी कळते.

वाऱ्याचा विचार

मघाशी हिशेबात अर्ध्या तासाचे राखीव धरले, त्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत उजनीवर सकाळी पाणी आरशासारखे असते आणि दुपारनंतर वळवाचा ढग उठला की काही मिनिटांत त्याचे रूप पालटते. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी होडी अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा बळी गेला. ती होडी आपल्या या होड्यांपेक्षा वेगळी होती. तरी वाऱ्याने आपल्यालाही सोडलेले नाही. पंचेचाळीस पौंडांची मोटर सोसाट्याच्या वाऱ्याला हरवू शकत नाही. बॅटरी कितीही भरलेली असो, त्या वाऱ्यात ती होडी जागच्या जागी धरून ठेवण्यातच संपेल.

म्हणून वेळ पाळा. दुपारी दोनच्या आत परतीला लागा. ढग दिसला तर जवळचा काठ गाठा, मग तो आपला असो वा परका. वल्ही होडीत असलीच पाहिजेत, मोटर आहे म्हणून ती घरी ठेवू नयेत. प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असावे, डब्याखाली घडी करून ठेवलेले नव्हे. सोबत लांब दोर आणि नांगर असू द्या. पलीकडून कडबा आणताना पेंढ्या होडीच्या काठाच्या वर रचू नका, वाऱ्याला ते शीडच मिळते आणि मोटरीचा सगळा हिशेब कोलमडतो.

बॅटरीचे आम्ल अंगावर किंवा डोळ्यांत उडाले तर भरपूर पाण्याने धुवत राहावे आणि डॉक्टरांकडे जावे. होडीत सांडलेल्या आम्लावर खाण्याचा सोडा टाकावा. जुनी बॅटरी संपली की तिचे आम्ल जलाशयात किंवा बांधावर ओतू नये. शिशाचे पाणी मासळीतून आणि चाऱ्यातून पुन्हा आपल्याच घरात येते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. नवी घेताना जुनी दुकानात द्या आणि तिचे पैसे बिलात वजा करून मागा. शिशाला भाव आहे, तो सोडू नका.

आता तुमच्यापैकी ज्यांनी आपापल्या होडीची वजने आणि अंतरे लिहून आणली आहेत, त्यांनी पुढे यावे. एकेकाचा हिशेब इथेच मांडू.